कोकरांच्या वाढीस झाडपाल्याचे साहाय्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. उभा जन्म प्राथमिक शाळेत मुलांस बाराखडी व पाढे शिकविण्यात गेला. तेव्हा व्यासपीठावरून पांडित्य सांगण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु आमचा जन्म वाड्यावरचा. सेवानिवृत्तीनंतर आम्ही पुन्हा वीसएक मेंढ्या दाराशी बांधल्या. त्यांच्या कोकरांनी उतारवयात आम्हांस जो धडा दिला, तो आपल्यापुढे मांडावा एवढाच हेतू आहे.

विषय साधा आहे. कोकरांना ओवा, लसूण, हळद, बाभळीच्या शेंगा, कडुनिंबाचा पाला अशा वस्तू खुराकासोबत देऊन त्यांची वाढ व आरोग्य साधता येते काय? येत असल्यास केव्हा, किती आणि कोणत्या सावधगिरीने? आपल्या धनगर समाजातील घरोघरी हा प्रश्न आहे, कारण कोकरू जगले तर कळप जगतो, आणि कळप जगला तर घर चालते.

आमच्या आजीस अक्षरओळख नव्हती. पुरुषमंडळी मेंढ्या घेऊन रानात जात, आणि कोकरे, आजारी मेंढ्या व आम्ही लहान मुले वाड्यावर तिच्या स्वाधीन असू. कोणत्या कोकराचे पोट फुगले आहे, कोणाला आईने झिडकारले आहे, हे ती त्याच्या कानांच्या ठेवणीवरून ओळखी. तिच्या बटव्यात वावडिंग, ओवा, पळसाचे बी, बाभळीची साल अशा वस्तू असत. काय, किती आणि किती दिवस द्यावयाचे, हा सारा हिशेब तिच्या बोटांच्या पेरांवर होता. ती गेली आणि तो हिशेब तिच्याबरोबर गेला. बंधूंनो, आम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांस लिहावयास शिकविले. परंतु घरच्या म्हातारीच्या मुखातील हे ज्ञान चार ओळींत उतरवून घ्यावे, हे काही आम्हांस सुचले नाही.

या चुकीचे प्रायश्चित्त आम्हांस पुढे घ्यावे लागले. सेवानिवृत्तीनंतरच्या दुसऱ्याच पावसाळ्यात आमच्या कोकरांस हगवण लागली. आम्हांस आजीची बाभळीची साल आठवली. वनस्पती आठवली, पण माप आठवले नाही. आम्ही अंदाजाने साल उकळून दाट काढा केला आणि आजारी व निरोगी अशा सर्वच कोकरांस तो सकाळ-संध्याकाळ पाजला. दोन दिवसांत हगवण आटल्यासारखी दिसली आणि आम्हांस धन्यता वाटली. तिसऱ्या दिवशी कोकरे आईला लुचेनाशी झाली. पाठीला बाक काढून कोपऱ्यात उभी राहू लागली. पाचव्या दिवशी तीन कोकरे मेली. मग आम्ही पशुवैद्यकाकडे धावलो. त्यांनी लेंड्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या आणि सांगितले की, हा रोग कॉक्सिडिया नावाच्या आतड्यातील सूक्ष्म परजीवींचा आहे. त्यावर औषध आहे, पण ते वेळेवर द्यावयास हवे होते. काढ्याने रोग गेला नव्हता. रोगाची खूण तेवढी झाकली गेली होती, आणि कोकरांची भूक मात्र मेली होती. आमच्या नातीने विचारले, "आजोबा, तुम्ही तर औषध दिले होते ना?" त्या प्रश्नाचे उत्तर आजच्या या भाषणात देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

या विषयात आपल्यात दोन पक्ष दिसतात. झाडपाला म्हणजे अडाण्यांचे थोतांड, असे एक पक्ष म्हणतो. झाडपाला निसर्गाचा, म्हणून तो कितीही दिला तरी बाधत नाही, असे दुसरा पक्ष म्हणतो. आमच्या मते दोन्ही पक्ष चुकतात. वनस्पतीत गुण आहे, यासाठीच तिच्यात दोषही आहे. जे द्रव्य आतड्यातील जंतूंस मारू शकते, ते मात्रा चुकली तर कोकरासही मारू शकते.

आता जगाचा अनुभव पाहू. १९५० च्या सुमारास अमेरिकेत असे आढळून आले की, कोंबड्या व डुकरे यांच्या खाद्यात प्रतिजैविक औषधे अल्प प्रमाणात मिसळली असता त्यांची वाढ झपाट्याने होते. मग ही औषधे रोग नसतानाही रोजच्या खाद्यातून देण्याची प्रथा पडली. पुढे तिचे दुष्परिणाम ध्यानात आले. जंतू त्या औषधास सरावतात, आणि असे सरावलेले जंतू माणसास झाले म्हणजे माणसाच्या दुखण्यातही तेच औषध निरुपयोगी ठरते. म्हणून १९८६ साली स्वीडनने वाढीसाठी अशी औषधे खाद्यात घालण्यास बंदी केली. १ जानेवारी २००६ पासून सबंध युरोपीय संघात ती बंद झाली. आपल्या देशातही कॉलिस्टिन या प्रतिजैविकाचा पशुखाद्यातील वापर सरकारने २०१९ साली बंद केला. औषधे गेली, तेव्हा त्यांच्या जागी काय द्यावे, असा प्रश्न उभा राहिला, आणि जगातील शास्त्रज्ञांची दृष्टी वनस्पतींकडे वळली. आजीच्या बटव्यातील वस्तू आता प्रयोगशाळेच्या तराजूत तोलल्या जात आहेत.

या वस्तूंतील गुणकारी द्रव्यांचे स्थूलमानाने चार वर्ग सांगता येतील. पहिला वर्ग सुगंधी तेलांचा. ओव्यात थायमॉल, लवंगेत युजेनॉल आणि दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड असते. लसूण ठेचली की तिच्यात ॲलिसिन तयार होते. ही द्रव्ये जंतूंची वाढ रोखतात व पाचक रसांस चेतना देतात. दुसरा वर्ग तुरट द्रव्यांचा, ज्यांस टॅनिन म्हणतात. ती बाभळीच्या शेंगांत व सालीत भरपूर असतात. तिसरा वर्ग फेस आणणाऱ्या द्रव्यांचा, म्हणजे सॅपोनिनांचा. रिठा व शिकेकाई ही त्याची घरगुती उदाहरणे. चौथा वर्ग रंगद्रव्यांचा व तत्सम पदार्थांचा. हळदीतील कर्क्युमिन हे त्यांपैकी एक असून ते शरीरातील दाह कमी करण्यास साहाय्य करते.

परंतु प्रयोगशाळेतील काचेच्या नळीत जे घडते, ते जिवंत मेंढीच्या पोटात तसेच घडते असे नाही. सुगंधी तेलांचा नळीत दिसणारा प्रभाव प्रत्यक्ष जनावरांत कधी दिसतो, कधी दिसत नाही. पोटातील सूक्ष्म जीव काही आठवड्यांत त्या तेलांस व सॅपोनिनांस सरावतात आणि परिणाम ओसरतो. म्हणून कोणी "आमची पूड द्या, कोकरू महिन्यात दुप्पट होईल" असे म्हणू लागला, तर त्याचा निरोप घ्यावा हे उत्तम.

टॅनिनाचे उदाहरण थोडे विस्ताराने सांगतो, कारण आमची चूक तेथेच झाली. टॅनिन हे प्रथिनास चिकटते. मेंढीच्या पहिल्या पोटात, ज्यास पशुवैद्यक कोठीपोट म्हणतात, खाद्यातील बरेचसे प्रथिन सूक्ष्म जीव फोडून टाकतात. टॅनिन बेताचे असेल, तर ते काही प्रथिनास तेथे फुटू देत नाही. ते प्रथिन पुढे चौथ्या पोटात सुटते व अंगी लागते. न्यूझीलंडमध्ये लोटस नावाच्या टॅनिनयुक्त घासावर मेंढ्या चारून हा लाभ पडताळून पाहिला गेला आहे. कोरड्या खाद्याच्या शेकडा २ ते ४ भाग टॅनिन असेल तर ते सामान्यतः हितकारक ठरते. शेकडा ५ च्या वर गेले की जनावराची भूक मंदावते व पचन बिघडते. म्हणजे हिताची आणि अहिताची सीमा इतकी जवळजवळ आहे. एकच बाभूळ, एकच कोकरू; परंतु दोन भागांत गुण आणि सहा भागांत अवगुण. आम्ही दाट काढा पाजला तेव्हा ही सीमा केव्हा ओलांडली, हे आम्हांस कळलेही नाही.

टॅनिनाचा दुसरा गुण जंतांच्या बाबतीतला. पावसाळ्यात मेंढीच्या चौथ्या पोटात हिमॉन्कस नावाचा रक्तशोषक जंत होतो. कोकरू निस्तेज होते, डोळ्याची पापणी उलटून पाहिली तर आतून पांढरी दिसते, जबड्याखाली पाणी उतरते. काही टॅनिनयुक्त चाऱ्यांनी या जंतांचा जोर कमी होतो, असे अमेरिकेतील सेरिसिया नावाच्या चाऱ्यावरील प्रयोगांत आढळले आहे. तथापि जोर कमी होणे वेगळे आणि रोग बरा होणे वेगळे. पापणी पांढरी पडलेल्या कोकरास झाडपाल्याच्या भरवशावर ठेवू नये. त्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, वजन करून, पूर्ण मात्रेत जंतनाशक पाजावे. अर्धी मात्रा पाजल्याने जंत मरत नाहीत. ते औषधास मात्र सरावतात.

सुबाभळीची कथाही उद्बोधक आहे. तिचा पाला प्रथिनाने समृद्ध, परंतु त्यात मिमोसिन नावाचे विष असते. मेंढ्यांस तो अति झाला तर लोकर गळते व गळ्याची ग्रंथी सुजते. हवाई बेटांवरील शेळ्या मात्र तो पाला खुशाल खात. त्यांच्या पोटात हे विष फोडणारे सूक्ष्म जीव आहेत, असे ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांच्या संशोधनातून १९८० नंतरच्या वर्षांत सिद्ध झाले, आणि ते जीव ऑस्ट्रेलियातील जनावरांच्या पोटात सोडल्यावर त्यांनाही पाला बाधेनासा झाला. यावरून बोध असा की, वनस्पतीचा परिणाम केवळ वनस्पतीवर अवलंबून नसतो. ती कोणाच्या पोटात जाते, यावरही असतो.

आणि कोकराचे पोट हे मोठ्या मेंढीच्या पोटासारखे नसते, ही गोष्ट येथे ध्यानात धरली पाहिजे. जन्मतः त्याचे कोठीपोट नाममात्र असते. लुचलेले दूध एका पन्हळीवाटे थेट चौथ्या पोटात जाते. कोकरू दोन आठवड्यांचे झाले की गवताच्या काड्या चघळू लागते, आणि सहा ते आठ आठवड्यांत त्याचे कोठीपोट कामास लागते. या काळात तेथे नवे सूक्ष्म जीव वस्तीस येत असतात. अशा वेळी तिखट, तुरट, उग्र द्रव्यांचा मारा करणे म्हणजे वसणाऱ्या गावावर दरोडा घालण्यासारखे आहे. म्हणून पहिल्या पंधरवड्यात कोकरास आईच्या दुधावाचून काहीही नको.

भगिनींनो, हे पुढचे शब्द विशेषेकरून आपल्यासाठी आहेत, कारण कोकरांची जबाबदारी आजही आपल्याच हातात आहे. झाडपाला हे कळसाचे काम आहे; पाया आधी भक्कम हवा. पाया कोणता? गाभण मेंढीच्या पोटातील कोकराची सुमारे दोन तृतीयांश वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते; तेव्हा त्या काळात तिला मूठभर खुराक अधिक द्यावा. कोकरू जन्मताच नाळेस आयोडीन लावावे, आणि पहिल्या तासा-दोन तासांत त्यास चीक पाजावा. वजनाच्या दहाव्या भागाइतका चीक पहिल्या २४ तासांत पोटात जावा. म्हणजे ३ किलो वजनाच्या कोकरास सुमारे ३०० मिलिलीटर. या चिकातूनच त्यास रोगप्रतिकाराची शक्ती मिळते. तिची भरपाई कोणताही ओवा किंवा हळद करू शकत नाही. पंधराव्या दिवसापासून कोकरांस आईपासून वेगळा, मऊ व सुपाच्य खुराक ठेवावा. जागा कोरडी असावी, पाणी स्वच्छ असावे. आंत्रविषार, पी.पी.आर. यांच्या लसी पशुवैद्यकाने सांगितलेल्या वेळी टोचून घ्याव्यात. एवढे केल्यावर मग ओवा, लसूण, मेथी यांचा विचार करावा.

काही वस्तूंविषयी धोक्याची सूचना देणे आमचे कर्तव्य आहे. कोवळी किंवा पाण्याअभावी खुरटलेली ज्वारी खाऊन किराळ लागते, हे आपण जाणताच. घाणेरीचा पाला यकृत बिघडवितो. सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. मोठ्या मेंढीस ते बेताने चालते, परंतु लहान कोकरास बाधते. कांद्याचा पाला किंवा खराब कांदा सतत व भरपूर खाऊ घातल्यास रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. या चारही वस्तू वनस्पतीच आहेत. निसर्गाचे म्हणून सारेच निर्धोक असते, तर किराळीने एकही मेंढी मेली नसती.

आता मापाविषयी. मोठ्या मेंढीचे वजन ३० किलो आणि कोकराचे ५ किलो धरले, तर मोठीस जी मात्रा, तिचा सहावा भाग कोकरास, हा साधा त्रैराशिकाचा हिशेब झाला; त्यातही कोवळ्या यकृतास सांभाळून त्याहून कमीपासून आरंभ करावा. 'मूठभर' हे माप आजीच्या मुठीचे होते. आपली मूठ तिच्याहून मोठी आहे. किराणा दुकानातील छोटा तराजू घरी असावा, आणि मात्रा पशुवैद्यकास विचारून ठरवावी.

आपणांस जर एखादी वस्तू देऊन पाहावयाची असेल, तर ती अशी पाहावी. एकाच पंधरवड्यात जन्मलेली दहा-बारा निरोगी कोकरे घ्यावीत. जन्माचे वजन, नर-मादी, एकटे की जुळे, हे पाहून त्यांच्या जोड्या लावाव्यात, आणि प्रत्येक जोडीतील एक कोकरू एका गटात, दुसरे दुसऱ्या गटात घालावे. दोन्ही गटांस खुराक, चारा, जागा सारखी ठेवावी; एका गटास मात्र ती वस्तू द्यावी. दर पंधरा दिवसांनी, सकाळी लुचण्यापूर्वी, लटकत्या काट्यावर वजन करून लिहावे. समजा, एक कोकरू जन्मतः ३ किलो होते आणि ९० व्या दिवशी १२ किलो झाले. म्हणजे ९० दिवसांत ९ किलो, दिवसास १०० ग्रॅम. दुसऱ्या गटाचा असाच हिशेब काढावा आणि वस्तूस लागलेला पैसाही मांडावा. वाढ झाली, पण खर्च तिच्याहून अधिक झाला, तर तो व्यवहार आतबट्ट्याचा. शाळेत आम्ही मुलांची हजेरी मांडीत असू. कोकरांची हजेरी मांडण्यास त्याहून अधिक विद्या लागत नाही.

आम्ही स्वतः पुढील वर्षी ओव्याचा असा प्रयोग केला. दोन्ही गटांत इतका अल्प फरक पडला की, तो ओव्याचा की योगायोगाचा, हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु त्या वर्षी चीक वेळेवर पाजला, जागा कोरडी ठेवली, आणि पहिल्या हगवणीसच लेंड्या तपासून घेतल्या. त्या वर्षी आमचे एकही कोकरू मेले नाही. या गोष्टीतून काय घ्यावयाचे ते आपण सुज्ञ आहा.

बाजारातील पुड्यांविषयीही एक शब्द. पुडीवर घटक, त्यांचे प्रमाण, तयार केल्याची तारीख व मुदत छापलेली नसेल, तर ती घेऊ नये. 'वनौषधी' हा शब्द छापला म्हणजे आत काय आहे ते कळत नाही.

असे असता झाडपाला सोडून द्यावा काय? मुळीच नाही. पूर्वी आपल्या मेंढ्या मैलोगणती रानातून फिरत. बाभूळ, बोर, हिवर, नाना प्रकारचे गवत त्या आपल्या जिभेने निवडून खात. तुरट, कडू, सुगंधी अशी सारी द्रव्ये त्यांस थोडथोडी आपोआप मिळत. आज गायराने आक्रसली, वाटा अडल्या, आणि पुष्कळ घरी मेंढ्या दावणीस आल्या. एकाच प्रकारच्या चाऱ्यावर वाढणाऱ्या कोकरास रानातील ती विविधता थोडीशी परत मिळवून देणे, हेच झाडपाल्याचे खरे कार्य आहे. लेंडीची तपासणी, लस व जंतनाशक ही आपली नवी विद्या; झाडांची ओळख ही आपली जुनी विद्या. या दोन विद्यांचे वैर नाही.

शेवटी मंडळास एक विनंती करून आम्ही भाषण आटोपते घेतो. अजूनही आपल्या कित्येक घरी अशा आजी, आत्या, मावशी आहेत, की ज्यांच्या बटव्यात ही विद्या शिल्लक आहे. प्रत्येक घरातील शिकलेल्या मुलाने अगर मुलीने त्यांच्यापाशी बसावे आणि एका वहीत लिहून घ्यावे : वनस्पतीचे आपल्या भागातील नाव, तिचा कोणता भाग, कोणत्या दुखण्यावर, कोणत्या वयाच्या जनावरास, किती, किती दिवस, आणि केव्हा देऊ नये. 'मूठभर' म्हटले तर त्यांच्याच मुठीने मोजून तराजूत घालावे व ग्रॅम लिहावेत. त्या वह्या मंडळाने गोळा कराव्यात आणि कृषी विद्यापीठातील अगर पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळातील जाणत्यांपुढे ठेवाव्यात. जे टिकेल ते आपल्या पुढील अंकात छापावे. जे टिकणार नाही ते कृतज्ञतापूर्वक बाजूस ठेवावे.

आमच्या नातीस आम्ही तेव्हा उत्तर देऊ शकलो नव्हतो. आज तिला आम्ही सांगतो : "बाळ, औषध दिले होते खरे, पण माप दिले नव्हते, आणि रोग ओळखला नव्हता." ती आता आमच्या कोकरांची वही लिहिते. तिचे अक्षर आमच्याहून बरे आहे.